सातव्या कलमातला ‘नाही’

सकाळी सातला फोन वाजला.

“मामा, असाल तसे या. माझा जाहीरनामा कोणीतरी फिरवलाय.”

फोन उमेदवार भाचीचा होता. गावभर तिला ताई म्हणत; घरात मात्र ती धाकटी, आणि मोठी बहीण थोरली. मामा तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचे आणि मामा शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे. निवृत्त झाले, पण खिशातली वही आणि पेन्सिल काही सुटली नाही.

प्रचार कार्यालयात नव्या कागदाचा वास भरला होता. धाकटीने एक प्रत त्यांच्यापुढे धरली.

‘कलम सात : तळ्यावर बाटलीबंद पाण्याचा कारखाना होऊ देणार.’

“शेवटचा ‘नाही’ गेला,” ती म्हणाली. “त्या एका शब्दावर मी उभी आहे, मामा. अकराला पत्रकार येतायत.”

“किती वाटल्या?”

“एकही नाही. गठ्ठा सोडला तेव्हाच दिसलं.”

“कोणाकोणाला बोललीस?”

“थोरलीला आणि सल्लागाराला. तेही एवढंच, की ‘नाही’ गळलाय. छापखान्यात अजून फोनसुद्धा केला नाही.”

“करूही नकोस,” मामा म्हणाले आणि स्वतःच तिकडे निघाले.

छापखान्याच्या मालकाने आधी कानाला हात लावला. “चूक माझी नाही. सुधारणा आली, तशी केली.” त्याने खणातून एक चिठ्ठी काढली. ‘कलम ७. शेवटचा शब्द काढा.’ खाली सल्लागाराची सही.

“कोणी दिली?”

“काल दुपारी जेवून आलो, तर दाराखालून सरकवलेली.”

“ताईंना विचारलं नाहीत?”

“सही होती की! शिवाय सगळा मजकूर तेच धाडतात.”

“ही आणखी कोणी पाहिली?”

“तुम्हीच पहिले.”

“मग तोंडाला कुलूप. चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या, आणि दहाला कार्यालयात या.”

सल्लागार धाकटीच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. तीन महिन्यांपूर्वी आला होता. माणूस हुशार, हसतमुख, उत्तर कायम जिभेवर.

“तुमची बायको काय करते?” गावात कानावर आलेलं आठवून मामांनी विचारलं.

हसू जरा आखडलं. “नोकरी. जनसंपर्क विभागात.”

“कुठल्या कंपनीच्या?”

तो घुटमळला. “तळ्यावर कारखाना काढू पाहतेय, तिच्याच.”

“ताईला सांगितलंत?”

“कोणी विचारलं नाही. आणि माझं काम वेगळं, तिचं वेगळं.”

“काल दुपारी कुठे होता?”

“ताईंबरोबर दौऱ्यावर. त्या सभेत होत्या तेव्हा मी बाहेर फोनवर होतो. तासभर असेल. पण मामा, माझा संगणक उघडून बघा ना! फाइलमध्ये ‘नाही’ जागच्या जागी आहे. पासवर्ड फक्त मला ठाऊक.”

मामांनी सगळं लिहून घेतलं.

थोरली मागच्या खोलीत मतदार याद्या लावत होती. मामा दिसताच तिने खुर्ची पुढे केली.

“तिच्या तीन निवडणुका मी काढल्या,” ती म्हणाली. “पायाला फोड आले, पण कुरकुरले नाही. आता बैठक कधी आहे ते मला शिपायाकडून कळतं. सल्लागार जोक करतो, धाकटी पोट धरून हसते. माझ्या बोलण्यावर कधी हसली होती का अशी?”

“त्याच्यावर तुझा संशय आहे?”

“संशय कसला? बायको कंपनीत. मी महिन्यापूर्वीच धाकटीला सांगितलं होतं.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, तू जळतेस त्याच्यावर.”

“पण त्याने केलं कसं असेल?”

“त्यात काय अवघड? सहीची चिठ्ठी धाडली की छापणारा बिचारा काय करणार?”

मामांची पेन्सिल न थांबता चालत राहिली.

दहाला सगळे धाकटीच्या खोलीत जमले. छापखान्याचा मालक दाराशी टेकून उभा होता.

“सगळी बोटं सल्लागारांकडे जातात,” मामांनी सुरुवात केली. “बायको कंपनीत, ते यांनी लपवलं, काल तासभर कुठे होते त्याला साक्षीदार नाही. पण चोर घरफोडी करून आपला पत्ता मागे ठेवतो का? यांना कंपनीचं भलं करायचं असतं, तर सही कशाला केली असती?”

“कसली सही?” सल्लागाराने गोंधळून विचारलं.

“बघा. यांना सहीचा पत्ताच नाही. मी विचारलं तेव्हा हे संगणक उघडून दाखवायला निघाले. कारण ‘नाही’ कसा गेला हे यांना माहीत नव्हतं. धाकटीलाही नव्हतं.” मामांनी खिशातून चिठ्ठी काढली. “हा शब्द या चिठ्ठीने काढला. ती छापखान्याच्या मालकांनी मला दाखवली, तोवर आणखी कोणी पाहिली नव्हती.”

मालकाने मान हलवली.

मामांनी वही उघडून वाचलं, “‘सहीची चिठ्ठी धाडली की छापणारा बिचारा काय करणार?’ साडेनऊ वाजता, मागच्या खोलीत. थोरले, तुला चिठ्ठी कोणी दाखवली?”

थोरलीने हातातली मतदार यादी टेबलावर ठेवली.

“मीच लिहिली,” ती म्हणाली. “सही त्याच्या पत्रांवरून गिरवली. गठ्ठे आज उघडणार, वाटण्याआधी चूक दिसणार, हे ठाऊक होतं. तुझं नुकसान करायचं नव्हतं गं. तो जायला हवा होता.”

“म्हणजे मी सुटलो,” सल्लागार म्हणाला.

“चिठ्ठीतून सुटलात,” मामा म्हणाले. “बायकोची नोकरी लपवलीत, ती लपवलीतच.”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. “तुमचं सामान आवरा.” मग ती बहिणीकडे वळली. “मी तुला जळतेस म्हणाले.”

“ते खरंच होतं,” थोरली म्हणाली. “जळत होतेच. पण त्याच्या बायकोचंही खरं होतं. तू एकच खरं ऐकलंस.”

“पत्रकारांना काय सांगू, मामा?”

“जसं घडलं तसं. दोघांचंही.”

अकराला धाकटीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. थोरलीने सांगूनही आपण सल्लागाराची चौकशी केली नाही, ही चूकही कबूल केली. खोलीत कुजबुज झाली. मग पुढच्या रांगेतला पत्रकार उठला.

“तुमच्या सख्ख्या बहिणीने असं का करावं?”

मागे भिंतीला टेकलेली थोरली पुढे आली.

“मला विचारा,” ती म्हणाली. “तिच्या शेजारी दुसरं कोणी बसलेलं मला बघवेना.”