गुलाबी फितीचं झाड

"रोरी, मागे सरक!"

"सरकू कुठे? वाटच बुजलीये!"

मेरिनने वळून पाहिलं. ज्या भोकातून ती, धाकटा भाऊ रोरी आणि मैत्रीण लिएन घाणेरीच्या जाळीत रांगत शिरली होती, तिथे आता तोडलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता. ब्रिस्बेनच्या त्या ओढ्याकाठी स्वयंसेवक सकाळपासून घाणेरी काढत होते. आत मुलं आहेत, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"ग्लेनिसआजींना सांगून यायला हवं होतं," लिएन पुटपुटली. स्वयंसेवकांचा हा गट त्याच चालवत.

"सांगितलं असतं, तर त्यांनी येऊच दिलं नसतं!" मेरिन म्हणाली.

काल ओढ्याकाठची दोन रोपं करपली होती. पानांवर निळे डाग होते; तणनाशकात मिसळतात, तोच रंग! म्हणून फवारणाऱ्यांवर नजर ठेवायला तिघं इथे लपली होती. आता मात्र हलावं तर काटे रुतत होते, आणि बाहेरचं सारं ऊन पानांआडच्या चार ठिपक्यांपुरतं उरलं होतं.

जाळीतल्या एका फटीसमोरच एक कोवळी निलगिरी उभी होती. उन्हाळाभर मेरिनने तिला ओढ्याचं पाणी घातलं होतं. तिच्या खोडाला गुलाबी फीत होती.

"गुलाबी दिसलं की मारायचं!" नवा फवारणीवाला जोडीदाराला ओरडून सांगत होता.

"अगं, आपल्या गटात गुलाबी म्हणजे 'राखा'!" लिएन दचकली. "यांच्याकडे 'मारा'!"

"थांबा! थांबा!" तिघं किंचाळली. पण पंप घरघरत होता, आणि फवारणीवाल्याच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं होती.

मेरिनने काट्यांतून हात घातला. कातडी सोलली, तरी तिने फीत ओढून आत घेतली.

"लिएन, माझ्या मनगटाला बांध. लवकर!"

दुसऱ्याच क्षणी घाणेरीतून गुलाबी फितीचा हात बाहेर आला आणि जोरजोरात हलू लागला!

पंप थांबला.

"बाप रे! इथे माणूस आहे!"

"मलाही मारणार का?" आतून मेरिनचा रडवेला आवाज आला.

फांद्या बाजूला झाल्या. ग्लेनिसआजी धावत आल्या. आधी त्या खूप रागावल्या. मग लिएनने फितींचा घोळ सांगितला, तशा त्या रोरीच्या केसांतले काटे काढू लागल्या.

"शाबास, पोरांनो! सगळा काठ गेला असता. आम्ही मोठ्यांनी एकमेकांना साधं विचारलंसुद्धा नाही!"

फवारणीवाल्याने ओशाळून कानांवरची झाकणं काढली. "फीत पुन्हा बांधू?"

"नको," मेरिन म्हणाली. "फितीवरून नको, पानांवरून झाड ओळखा. वास घ्या."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने एक पान हलकेच नाकाशी धरलं.