पंचविसावा बोगदा

खाणीच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि तिची काही हरकतही नव्हती. प्रोग्राम लिहून झाला की बाकीचे चहाला उठायचे. ही बाई मात्र कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामने, काय काय उलगडलं ते कागदावर छापून घ्यायची आणि पेन्सिलीने एकेका तुकड्यावर बरोबरची खूण करत शेवटच्या पानापर्यंत जायची. त्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. या सवयीमागे कारण होतं, आणि ते कारण रोज सकाळी सहाला डबा घेऊन खाणीत उतरायचं.

खाणीत चोवीस बोगदे होते. प्रत्येकात भिंतीवर एक पेटी. ती हवेतला विषारी वायू मोजायची, हेल्मेटवरच्या दिव्यांच्या इशाऱ्यांवरून आत किती माणसं आहेत आणि किती अंतरावर ते मोजायची आणि वायू मर्यादेपलीकडे गेला की भोंगा वाजवायची. आता पेट्या एका जातीच्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण त्या होत्या तीन जातींच्या, प्रत्येकीची बोलायची तऱ्हा निराळी, आणि एक बिघडली की गोदामात जी हाताला लागेल ती बसवायची असा इथला खाक्या. त्यामुळे चोवीसही बोगद्यांसाठी तिन्ही जातींचा कोड तयार ठेवावा लागे. म्हणजे बहात्तर तुकडे, एकमेकांसारखे, एखाद्या शब्दाचा फरक. कोणे एके काळी कुणीतरी ते नकलून नकलून लिहिले होते आणि तेच चालत आले होते.

दोन वर्षांपूर्वी वायूची मर्यादा बदलली. तिने बसून बहात्तरपैकी एकाहत्तर ठिकाणी दुरुस्ती केली. एक राहिली. नववा बोगदा, दुसऱ्या जातीची पेटी. नेमका त्याच बोगद्यात वायू साठला आणि भोंगा वाजलाच नाही. आत तिघं होते, त्यांना सोबत्यांनी फरफटत बाहेर काढलं. त्या तिघांतला एक तिचा धाकटा भाऊ.

तो वाचला. पण तेव्हापासून जिना चढला की खोकायचा. तिने दवाखान्यात त्याच्यापाशी बसून सगळं सांगून टाकलं, तर हा पठ्ठ्या हसून म्हणाला, “अगं ताई, एकाहत्तर ठिकाणी केलंस की! शाळेत मला एवढे मार्क कधी पडले नाहीत.” तिला हसू आलं नाही. पुढचे कित्येक दिवस तिला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

म्हणून तिने मॅक्रो लिहिला, म्हणजे कोडकडूनच कोड लिहून घ्यायची सोय. काम तसं सरळ होतं. एका फाइलमध्ये बोगद्यांची यादी, चोवीस ओळी. दुसरीकडे एकच साचा. कंपायलर यादीतली एकेक ओळ उचलणार, साच्यात घालणार आणि तिन्ही जातींचे तुकडे स्वतःच पाडणार. मर्यादा बदलायची झाली तर एका जागी बदलायची, बहात्तर जागी आपोआप बदलणार. विसरायला जागाच ठेवायची नाही, हा तिचा हट्ट होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कशालाही “जरा सबुरीनं” म्हणायचा, म्हणून त्याचं नावच सबुरी पडलेलं. तोसुद्धा तो साचा बघून म्हणाला, “छान झालंय हो. आता तरी मोजायचं सोडा.”

तिने सोडलं नाही. छापलं, पेन्सिल घेतली, मोजलं. पंच्याहत्तर निघाले.

पुन्हा मोजलं. पंच्याहत्तरच. शेवटच्या पानावर तीन तुकडे जास्तीचे होते, तिन्ही जातींसाठी एकेक. बोगदा क्रमांक पंचवीस. तिने यादी उघडली. चोवीस ओळी. शेवटी एखादी रिकामी ओळ, एखादं न दिसणारं अक्षर अडकलंय का ते पाहिलं, काही नव्हतं. यादी पुसून नव्याने टंकली, चोवीस ओळी, एकेका ओळीवर बोट ठेवून. पंच्याहत्तर. मग ती सबुरीकडे गेली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर चालवलं.

“पंच्याहत्तर,” सबुरी म्हणाला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “कंपायलरची खोड असणार.”

“कंपायलर आकडा कुठून आणेल? त्याला दिलं तेवढंच तो देतो.”

“मग तुम्हीच कुठेतरी दिलं असणार.”

“कुठे, ते दाखवा.”

तो अर्धा तास शोधत होता. मग काहीतरी काम आठवलं म्हणून उठून गेला.

नकाशेवाले काका तळमजल्यावर बसत. खाणीचे सगळे नकाशे त्यांच्या ताब्यात, आणि मान वर न करता बोलायची त्यांना सवय. “चोवीस,” ते म्हणाले. “पहिल्यापासून चोवीस. पंचविसावा कधी खोदलाच नाही.” मग मात्र त्यांनी मान वर केली. “का? कुणी विचारलं?”

“माझ्या प्रोग्रामने.”

काकांनी समोरच्या नकाशाची गुंडाळी केली आणि दोरा बांधला. ती निघेपर्यंत ते त्या दोऱ्याला गाठीवर गाठ मारत होते.

नवा प्रोग्राम जुन्याच्या जोडीने महिनाभर चालवून बघायचा असं ठरलं होतं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर चोवीस ओळी आल्या आणि त्यांच्याखाली पंचविसावी. तिथे पेटी नव्हती, वायर नव्हती, बोगदाच नव्हता. ओळ म्हणत होती: वायू शून्य, माणसं एक, दिव्याचा क्रमांक कोरा. त्या दिवशी खाणीत एकसष्ट माणसं उतरली होती. वरच्या चोवीस ओळींची बेरीज एकसष्टच होत होती. हा एक त्यांच्यातला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम गेली. खाण बंद, लिफ्टला कुलूप. चोवीस ओळींत शून्य, शून्य, शून्य. पंचविसावीत एक.

मॅनेजरला हे कळायला वेळ लागला नाही. महिना भरत आला होता. गुरुवारी सुरक्षा खात्याचा तपासनीस येणार होता, त्याच्यासमोर जुना प्रोग्राम बंद करून सगळा कारभार नव्यावर सोपवायचा होता. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता, फक्त नसती कटकट त्याला खपत नसे.

“एक अपवाद टाक,” तो म्हणाला. “पंचवीस आला तर दाखवू नकोस, वाजवू नकोस, सोडून दे. एका ओळीचं काम आहे.”

“साच्यात अपवाद टाकणार नाही.”

“अगं, तिथे काही नाहीये!”

“काही नाही तर मग लपवायचं काय?”

“मला शहाणपण शिकवू नकोस. तो तपासनीस मला वेड्यात काढेल.”

“काढू दे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. “साहेब, एक राहिला तर काय होतं ते माझ्या घरात रोज खोकतंय. मोजलेला माणूस मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायचा असेल तर तुमच्या हाताने पुसा, आणि खाली तुमची सही करा.”

मॅनेजरने सही केली नाही. कोड उघडायचा कसा हेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने भावाला सगळं सांगितलं. त्याने आधी नेहमीप्रमाणे थट्टा केली. एकटाच आहे म्हणजे पत्त्यांना चौथा काय, दुसराही नाही बिचाऱ्याला, म्हणाला. मग हातातला घास त्याने परत ताटात ठेवला.

“ताई, नवव्या बोगद्यात पडलो होतो ना, तेव्हा वायूची भीती नंतर वाटली,” तो म्हणाला. “आधी एवढंच वाटत होतं, वर कुणाला माहीत तरी आहे का, मी इथे आहे म्हणून?” तो खोकला, पाणी प्यायला. “नको पुसूस त्याला.”

“पुसत नाहीच,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि त्याच्या ताटात आणखी वाढायचं निमित्त करून ती उठली.

गुरुवारी सकाळी जुना प्रोग्राम बंद झाला आणि नवा एकटाच चालू राहिला. तपासनीस पाठीमागे हात बांधून पडद्यासमोर उभा. एकसष्ट माणसं खाली, तिचा भाऊ सतराव्या बोगद्यात. पंचविसाव्या ओळीबद्दल तपासनीसाने विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “चाचणीसाठी आहे,” आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पंचविसाव्या ओळीतला शून्य हलला.

चार. नऊ. तेरा.

वरच्या चोवीस ओळी शांत होत्या. सगळीकडे हवा ठीक, माणसं जागच्या जागी.

एकोणीस. मर्यादा वीसची होती.

“बंद कर ते,” मॅनेजर हळूच म्हणाला.

एकवीस.

साच्यात एकच नियम होता. कुठल्याही बोगद्यात मर्यादा ओलांडली की सगळ्या खाणीत भोंगे. ते वाजले. जमिनीखालून, चोवीसही ठिकाणांहून, खिडकीच्या काचा थरथरतील असे.

“बंद कर! खोटा आहे तो भोंगा! नसलेल्या बोगद्यासाठी खाण रिकामी करतेस?”

ती उठून बटणांच्या पॅनेलला पाठ लावून उभी राहिली. “हात लावून बघा,” ती म्हणाली. ती हलली नाही. तपासनीसाने मॅनेजरच्या दंडाला धरून त्याला मागे घेतलं.

चोवीस मिनिटांत एकसष्ट माणसं वर आली.

मुखवटे लावून तपासणी पथक खाली गेलं. सतराव्या बोगद्यातली पेटी सकाळपासून एकाच आकड्यावर गोठून बसली होती. पडद्यावर हवा ठीक, आणि आत माणूस उभा राहू शकणार नाही इतका वायू. अजून दहा मिनिटं, असं पथकाचा प्रमुख म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. चोविसाव्या बोगद्यापलीकडे, पंचविसावा असता तर त्या जागी, नुसता खडक होता. त्यावर त्याने हातोडी मारून पाहिली होती. भरीव.

भाऊ ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मग सगळ्यांदेखत त्याला एक चापट मारली. का, ते तिलाही कळलं नाही.

“मारतेस काय?” तो म्हणाला. हसला नाही. “ताई, खाली धूळ इतकी होती की दिवे असून नसून सारखेच. अशा वेळी आम्ही पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने निघतो. मी शेवटचा होतो.”

“बरं मग?”

“लिफ्टमध्ये चढताना मोजणी झाली, तेव्हाही मीच शेवटचा.” त्याने आपल्या डाव्या खांद्याला हात लावला. “पण माझ्या खांद्यावर हात होता. सबंध वाटभर. वर उजेडात येईपर्यंत.”

तिने त्याला घरी पाठवलं, बरोबर सबुरीला दिलं, आणि ती कंट्रोल रूममध्ये परत आली. पडद्यावर पंचवीस ओळी होत्या. पंचविसावीत वायू शून्य. माणसं शून्य.

इतक्या दिवसांत ती ओळ पहिल्यांदाच रिकामी दिसत होती.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. सतराव्या बोगद्यासाठी गोदामातून नवी पेटी आली होती आणि बसवण्याआधी ती तपासायची होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि वायर जोडली. एकसष्टच्या एकसष्ट दिवे जमा झाल्याची पावती तिच्यासमोर होती, आणि दिव्यांची खोली आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे पेटीला मोजायला इथे कुणाचाच दिवा नव्हता.

पेटी सुरू झाली. वायू शून्य. माणसं एक. अंतर सहा मीटर.

टेबलापासून दारापर्यंत साधारण तेवढंच असेल. दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

अंतर चार मीटर.

तिला पळून जावं असं वाटलं, आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

अंतर दोन मीटर.

तिने यादीची फाइल उघडली. चोवीस ओळींखाली स्वतःच्या हाताने पंचविसावी ओळ टंकली. जतन केली.

“तू कोण ते मला सांगू नकोस,” ती मोठ्याने म्हणाली. आवाज कापला, तर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, नीट. “पण या यादीतून तुला कुणीही काढणार नाही. मी इथे आहे तोवर नाही.”

आणि पायाने सबुरीची रिकामी खुर्ची आपल्याशेजारी ओढली.

“बस.”

अंतर शून्य.

खुर्चीच्या रेक्झिनच्या गादीतून हवा सुटल्याचा बारीक आवाज झाला, आणि गादी हळूहळू खाली दबली.