थांग आत्याची हाक

भुताला भिणारा माणूस मी नव्हे. सत्तरी उलटली. या लाल डोंगरावर काळोख्या रात्री एकटा फिरलो, थडग्यांना टेकून झोपलो, पण केसाला धक्का लागला नाही. आता केसच राहिले नाहीत, ही गोष्ट वेगळी. आणि रात्री परसाकडे जाताना म्हातारीला उठवतो ते तिला सोबत म्हणून.

"आजी तर उलटंच सांगते," लानश्या म्हणाली. ही शेजारची नवी सून. जिभेला धार अशी की बटाटे सोलायला सुरी लागत नाही.

आम्ही तिघं शेकोटीशी बसलो होतो, राखेत बटाटे पुरून. तिसरा तिचा नवरा देलोंग. पाहुण्यांना उतरायला खोल्या देतो. तो म्हणाला, "मू आजोबा, उद्याच्या पाहुण्यांना करकोचे अगदी जवळून दाखवणार आहे. थांग आत्याची हाक मला जमायला लागलीय."

"मारून बघितलीस?"

"नाही अजून."

"मग आधी हे ऐक. मग मार, नाहीतर नको मारूस."

पू चाओ माझा शेजारी. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी धाकटा. पाहुण्यांना गाडीतून डोंगर फिरवायचा. पावसाळा सरला की लोक रंगांसाठी येतात, लाल माती, तिच्यात हिरवे, पिवळे, पांढरे पट्टे. थंडीत करकोच्यांसाठी येतात. आणि बारा महिने माझ्यासाठी. मी लांब चिलीम तोंडात धरून बांधावर बसतो, ते फोटो काढतात. चिलीम डॉक्टरनं बंद केलीय, हे मी त्यांना कशाला सांगू?

तर पूची आई लवकर गेली. त्याला वाढवलं थांग आत्यानं. सख्खी नव्हे, ती सगळ्या गावाचीच आत्या. तळ्याकाठी तिची खोपटी. पहाटे करकोच्यांना मका टाकायची. "ओ... लो लो लो..." अशी हाक मारली की काळ्या मानेचे ते उंच पक्षी पाण्यातून चालत तिच्या पायाशी यायचे. माझ्या हाकेला माझं कुत्रं येत नाही.

पू सात वर्षांचा असताना त्याच तळ्यात पडला. बाहेर काढला, पण खाईना, बोलेना. भ्यालेला जीव तिथंच राहिला असं म्हणायचं. मग काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिन्हीसांजेला आत्या दारात उभी राहिली, हातात तांदळाची वाटी, वर अंडं. "पू चाओ, घरी ये रे!" आतून कुणीतरी 'आलो' म्हणायचं असतं. ते काम माझ्याकडे. दोन संध्याकाळ नीट केलं. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "आलो, पण जेवायला काय आहे?" आत्यानं अंडं फेकून मारलं. ते माझ्या कपाळावर फुटलं आणि पोरगं खदाखदा हसलं. जीव परत आला तो असा. श्रेय आत्यानं घेतलं.

पुढं पू चांगला बाप्या झाला. एका थंडीत आत्यानं अंथरूण धरलं. छाती भरली होती. पूला म्हणाली, "माझ्या पाखरांना तेवढं बघ."

त्यानं बघितलं. मोठे कॅमेरे घेऊन पाहुणे आले होते. हा त्यांच्यापुढं बोलून बसला, पाच हातांवर आणतो म्हणून. आत्याचा निळा कोट अंगात घातला. अजून फटफटलंही नव्हतं, धुकं होतं. करकोचे रात्री उथळ पाण्यात उभ्यानं झोपतात, कोल्ह्याच्या भीतीनं. अंधारात पाणी सोडत नाहीत. पण यानं आत्याच्या आवाजात हाक मारली, आणि ते आले. तिच्या भरवशावर आले.

काठावर लपलेल्या पाहुण्यांनी खच् खच् फोटो काढले, आणि दिवा लावला. हा एवढा.

सगळा थवा आंधळ्यासारखा उडाला. दोन करकोचे विजेच्या तारेवर आपटून मेले.

पूनं ते बटाट्याच्या वावरात पुरले आणि त्या रात्री माझ्या चुलीपुढं बसून रडला. म्हणाला, "मू दादा, हे तुला नि मला. तिसऱ्या कानाला कळता कामा नये. आत्या हाय खाईल." मी चुलीवर हात ठेवून शपथ घेतली. पाहुणे तर उजाडताच निघून गेले होते.

चार दिवसांनी आत्याला कळलं. गावाला तोंडं फार.

ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पू नऊ दिवस उशाशी बसला. "आत्या, एकदा शिवी तरी दे गं." नाही. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांची नावं घेतली. माझंही घेतलं. त्याचं नाही.

पुढच्या थंडीत करकोचे आमच्या तळ्यावर उतरलेच नाहीत. डोंगरापलीकडं गेले. लोक पूशी बोलेनात. त्याला लोकांचं काही नव्हतं. मला एकदा म्हणाला, "तिनं नुसतं नाव घ्यायला हवं होतं, दादा."

ती रात्र मला पक्की आठवते. दोन हजार वीस, आमच्या जुन्या पंचांगाच्या बाराव्या महिन्यातली तेवीस. चुलीचा देव त्या रात्री आभाळात जातो, घराघरातल्या गोष्टी सांगायला. त्याच्या तोंडाला साखर फासायची, म्हणजे गोड बोलेल, आणि जुनं चित्र जाळून त्याला रवाना करायचं. आत्याच्या खोपटीतही चुलीवर एक चित्र होतं. जाळायला कुणी नव्हतं. पू जेवला आणि मला म्हणाला, "जरा जाऊन येतो." साखरेचा खडा खिशात टाकला, बॅटरी घेतली. साडेनऊ वाजले असतील.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. तुकड्यातुकड्यानं.

खोपटी थंडगार. त्यानं साखर फासली. चित्र जाळलं. राख झाली. दार लावून घ्यायला वळला.

"पू चाओ..."

तळ्याच्या बाजूनं. बाईचा आवाज.

रात्री बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. शेंबड्या पोराला कळतं.

"पू चाओ... घरी ये रे..."

तो वर्षभर थांबला होता. त्या एका हाकेसाठी.

तो म्हणाला, "आलो!"

आणि निघाला. धुकं. पायाखाली बर्फाचा पापुद्रा फुटत होता... पाणी घोट्याला लागलं... मग गुडघ्याला. धुक्यात समोर रांग दिसली. उंच. काळ्या माना. करकोचे! परत आले! त्याला रडू आलं. म्हणाला, "आत्या, बघ गं, आले..."

एकही हलला नाही.

तो जवळ गेला. एकाचाही श्वास नव्हता. त्या थंडीत एकाच्याही चोचीतून वाफ नाही...

आणि त्या रांगेमागून हाक आली.

"ओ... लो लो लो..."

नावाची नव्हे. ती दुसरी.

तेव्हा त्याला कळलं. त्याला परत फिरायचं होतं. पाय ऐकेनात. पाय पुढंच जात होते. चालत. सावकाश. उंच पावलं टाकत.

"लो लो..."

मग मागून, काठावरून, जिथं त्या दिवशी पाहुणे लपले होते तिथून...

खच्.

खच्. खच्.

काठावर कुणी नव्हतं.

मग दिवा लागला. हा एवढा.

एवढंच. पुढचं त्याला आठवत नाही.

उजाडता मीच शोधायला गेलो. धुकं विरत होतं. तळ्यावर एक पाखरू नव्हतं. मध्यभागी उथळ पाण्यात पू उभा. एका पायावर. दुसरा पोटाशी घेतलेला, मान खाली, झोपलेला. मी हाक मारली नाही. माझी हिंमत झाली नाही. जाऊन खांद्याला धरलं. त्यानं डोळे उघडले. तोंड उघडेना. गाल फुगलेले. काठावर आणून जबडा दाबला...

मका. मूठभर. कोरडा, ताजा, आणि गरम. आत्या कडाक्याच्या थंडीत पाखरांसाठी तव्यावर कोमट करायची, तसा. खोपटीत वर्षभर दाणा नव्हता. मी स्वतः बघितलं.

पू नंतर खाली शहरात गेला. थंडीत वर येत नाही. करकोचे मात्र दोन वर्षांनी आले.

शेकोटी विझत आली होती. देलोंगनं राखेतला बटाटा उकरला आणि तसाच ठेवला. मी म्हणालो, "काय रे, मारतोस का उद्या हाक? का पँट बदलून येतोस आधी?"

लानश्या माझ्याकडं बघत होती.

"मका राहू द्या, मू आजोबा. ते गुपित तुम्हाला दोघांनाच माहीत होतं. पू काका तर शपथ घालून गेले. मग चार दिवसांनी आत्याच्या उशाशी जाऊन तिच्या कानात सांगितलं कोणी?"