मे महिन्यातली कानटोपी

सत्यवतीचं पत्र आठ महिने दत्तारामगुरुजींच्या कपाटात पडून होतं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. नवरा खंडू मे महिन्यात बुरोंडीला वारला, तेव्हापासून ती पोफळीला मुलीकडे राहत होती.

"गुरुजी, गाव म्हणतं तो दारूने मेला. त्याने तर वर्षभर थेंब घेतला नव्हता. माझा भाऊ रामा त्याला होडीवरून घरी घेऊन आला. म्हणाला, प्यायलाय, झोपू दे. सदरा वास मारत होता. पाणी पाजताना तोंडाला वास आला नाही, पण रागात माझं लक्ष कुठे होतं? उकाड्यात कानटोपी घातलेली, तीही मी काढली नाही. दुपारी ओकला. एका डोळ्याची बाहुली मोठी वाटली. संध्याकाळी उठवायला गेले, तर गार. मीच मारलं का त्याला?"

आपण कोण सांगणारे, म्हणून गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं.

परवा ते दापोलीत वाचनालयाच्या पायरीवर घसरले, डोकं आपटलं. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला. "बाहुल्या सारख्या आहेत. तरी आज एकटे झोपू नका. आत रक्त हळूहळू साचतं. माणूस आधी नीट बोलतो, मग पेंगतो, ओकतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी एसटीने बुरोंडीला गेले. रामा जाळं विणत बसला होता.

"खंडू त्या दिवशी किती प्यायला रे?"

"असेल बाटलीभर. मेल्या माणसाचं कशाला उकरताय, गुरुजी?"

"आणि मे महिन्यात कानटोपी?"

रामाचा हात थांबला.

"चुकलो तर सांग," गुरुजी पुटपुटले. "प्यायलेल्याच्या तोंडाला वास येतो. हा नुसता सदऱ्याला होता, म्हणजे दारू ओतलेली. टोपी टेंगूळ झाकायला. डोक्याला मार लागलेला तुला माहीत होता."

रामाने जाळं बाजूला ठेवलं.

"होडीवर जाळं ओढायचं मशीन मी चालू केलं. तो वाकलेला बघितलाच नाय. कप्पी डोक्यात बसली. पण तो उठला, हसला, बोलला. दवाखान्यात नेला असता तर विचारलं असतं, कोणी मारलं. मला वाटलं, झोपला की बरा होईल. ताईला सांगू नका. मला एकच बहीण हाय."

"ती स्वतःला खुनी समजते, रामा."

पोस्टाच्या ओट्यावर बसून गुरुजींनी लिहिलं, "सत्यवती, खंडू प्यायला नव्हता. त्याच्या डोक्यात रक्त साचत होतं. वेळेवर नेलं असतं तर वाचला असता का, मला ठाऊक नाही. पण ज्याला मार लागल्याचं ठाऊक होतं, त्याने तुझ्यापासून लपवलं. तो रामा."

शेवटचे दोन शब्द त्यांनी खोडले. पुन्हा लिहिले.

पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.