बाहेर थांबणारी माणसं

पत्रकात : दिवस दुसरा. बोटीने रॉस बेट. ब्रिटिशकालीन चर्च, बेकरी, बंगले. संध्याकाळी सेल्युलर जेल. नारळपाणी स्वखर्चाने.

"आत न्हाई गेलात?"

विचारणारा नारळाच्या बुंध्याला टेकून बसला होता. आमच्या लातूरहून निघालेल्या अंदमान सहलीतलाच. बोटीत माझ्या पुढच्या बाकावर, आपल्या आत्याशेजारी. बाकीचे सगळे पडक्या चर्चमध्ये फोटो काढत होते. छप्पर केव्हाच गेलेलं. झाडांच्या मुळांनी भिंती आवळून धरल्या होत्या... मुळांनी पकड सोडली की दगड खाली, असं.

"तुम्ही तरी कुठं गेलात?" मी म्हणाले.

"मी इथंच बरा हाय."

हे माझं वाक्य होतं. आयुष्यभर मीच बोलत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं — आणि मी त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसले.

"कुठले?"

"नांदेडकडचा. सुदर्शन. तुम्ही?"

"पुनम. किल्लारी."

किल्लारी म्हटलं की लोक 'अरेरे' म्हणतात. किती माणसं गेली ते विचारतात. त्यानं फक्त त्याचा नारळ माझ्याकडं सरकवला.

संध्याकाळी जेलच्या फाटकाबाहेरही आम्ही दोघंच होतो.

हे मधेच सांगते, कारण नंतर राहून जाईल. भूकंप झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते, सहावा महिना. आईला दगडांखालून काढलं. बाबांना काढेपर्यंत उशीर झाला होता. म्हणजे मी काहीच पाहिलेलं नाही, तरी जुन्या दगडी भिंतीपाशी माझे पाय थांबतात. लातूरला शाळेत शिकवते. भाड्याच्या खोलीत कपडे ठेवते, झोपते अंगणात, पत्र्याखाली. दोन स्थळं त्यावरूनच मोडली. एकानं विचारलं होतं, "लग्नानंतर पण?" मी हो म्हणाले. तो चहा अर्धा ठेवून उठला. तिसरं स्थळ मीच येऊ दिलं नाही.

पत्रकात : दिवस तिसरा. हॅवलॉक बेट. राधानगर किनारा. पोहण्याचे कपडे आणावेत.

पांढरी वाळू. डोक्यावर काहीच नाही. मी पाठीवर झोपले आणि मला चक्क डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझ्या तोंडावर छत्रीची सावली होती, छत्रीचा दांडा सुदर्शनच्या हातात, आणि सुदर्शनचं तोंड टोमॅटोसारखं लाल.

"किती वेळ धरून बसलात?"

"हात दुखायला लागून बराच वेळ झाला."

"उठवायचं की!"

"घोरत होतात. बरं दिसलं न्हाई उठवणं."

"मी घोरत नाही."

"मग समुद्र घोरत असंल..."

त्याची आत्या, केवळाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून लाटेत उभी होती. तिथून ओरडली, "काय रे सुदर्शन, रॉसला बाहेर, जेलला बाहेर! बाहेर काय सासर हाय का तुझं?"

"आजून न्हाई, आत्या."

आणि तो खाली वाळूत बघत राहिला. कानसुद्धा लाल.

पत्रकात : दिवस चौथा. नील बेट.

वारा होता. बोट सुटली नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. आई, पत्रा, अर्धा चहा. मग विचारलं, "तुमच्यातलंही कुणी... भूकंपात?"

त्यानं नजर समुद्राकडं वळवली.

"हं," म्हणाला.

बस, एवढंच. मला वाटलं, ज्याचं फार गेलंय तो कमी बोलतो. त्या रात्री मला एकटं वाटलं नाही. हे वाक्य मी इथं नुसतं लिहिते, पुढं काही जोडत नाही.

पत्रकात : दिवस पाचवा. बाराटांग. खारफुटीतून स्पीडबोट. चुनखडीची गुहा.

बोट अरुंद खाडीत शिरली. दोन्हीकडून झाडं पाण्यावर वाकलेली. मग उतरून पायवाट, आणि पुढं गुहेचं तोंड.

"चला, चला," गाइड म्हणाला.

"आम्ही दोघं थांबतो," मी म्हणाले. आम्ही दोघं. तोंडातून निघून गेलं.

सगळे आत गेले. सुदर्शन उभाच.

"मी खोटं बोललो, पुनम."

"काय?"

"माझ्या घरातलं कुणी गेलं न्हाई. मी अर्धापूरचा. केळीवाला. आमच्याकडं त्या पहाटे नुसती भांडी वाजली म्हणे."

"मग रॉसला बाहेर का बसलात?"

"चप्पल तुटली होती."

"आणि जेलला?"

"तवा... नवी घेतली होती."

एरवी मी हसले असते. तीन दिवस आम्ही दोघं होतो. आता परत मी एकटी, आणि हा एक धडधाकट माणूस, ज्याला कुठंही झोप लागते.

"आत जा," मी म्हणाले. "बघून या. तुम्हाला कुणी अडवलंय?"

"जाऊ?"

"जा."

तो गेला. खरंच गेला. त्याचा पांढरा शर्ट अंधारात लहान होत दिसेनासा झाला.

मी बसले. सवयीनं. आणि मग — इतकी वर्षं मी माझ्या डोक्यावरचे दगड मोजत आले होते. आता दगड त्याच्या डोक्यावर होते.

"सुदर्शन!"

आवाज आत आपटून परत आला.

"सुदर्शन!!"

तो धावतच बाहेर आला. कपाळ खरचटलेलं, केसांत चुना. "काय झालं?"

"काही नाही. इथं या आधी."

तो आला. मी ओढणीनं त्याचं कपाळ पुसलं. त्यानं हालचाल केली नाही. श्वासही जपून घेत होता.

"घर कसलं आहे तुमचं?"

"स्लॅबचं. दोन मजली." माझा हात थांबलेला त्याला कळला. घाईनं म्हणाला, "पण मी मळ्यातच असतो जास्त. केळीत."

"केळी पडत नाहीत?"

"पडतात की! दर उन्हाळ्यात, वाऱ्यानं. एकदा माझ्या अंगावर पडली."

"मग?"

"शर्टाला डाग पडला. केळीचा डाग काय निघत न्हाई बघा."

मला हसू आलं. मग रडूही आलं. मी ओढणीचा तोच चुन्याचा शेव डोळ्यांना लावला.

"पावसाळ्यात... झोपता येतं तिथं?"

गुहेतून आपल्या माणसांचे आवाज जवळ यायला लागले होते. केवळाबाईचा सगळ्यांत मोठा.

"डास लई हायत," तो म्हणाला. "खरं सांगायलोय."