शेवटून पहिली दोघं

नदीकाठच्या खडीच्या वाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तिने सायकल थांबवली आणि मागे वळून त्या माणसाला सरळच विचारलं, "तुम्ही मघापासून माझ्या मागे मागे का येताय?"

तोही थांबला. पोटऱ्यांवर चिखलाचे शिंतोडे, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

"कारण… ते माझं काम आहे."

"बायकांच्या मागे लागणं?"

"सगळ्यांत मागे राहिलेल्याच्या मागे राहणं. गटात मला शेपूट म्हणतात. ताईंनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

ताईने काहीच सांगितलं नव्हतं. ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. शाळेत खेळ शिकवायची आणि दर रविवारी उपनगरातल्या पंधरा-वीस जणांना नदीकाठी सायकलवर पिटाळायची. "दिवसभर लॅबमध्ये मान घालून बसतेस, गंज चढेल तुला," असं म्हणत तिने सकाळी आपली जुनी, रुंद टायरची सायकल धाकटीच्या हातात दिली होती, आणि पहिल्याच वळणावर अख्ख्या गटासकट दिसेनाशी झाली होती.

"म्हणजे मी शेवटची," ती म्हणाली.

"शेवटून पहिली. शेवटचा मी."

तिला हसू आलं. त्यालाही आलं, आणि तिची नजर सवयीने त्याच्या दातांवर गेली. ती कवळ्या घडवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. माणसाचे डोळे बघायच्या आधी ती दात बघायची.

"वरच्या पुढच्या दाताचा टवका उडालाय तुमच्या."

"लिफ्टच्या दाराने उडवला. मी लिफ्ट दुरुस्त करतो." त्याने चटकन ओठ मिटले. "डावीकडचा फाटा घ्या. उजवीकडचा पंपघरापाशी संपतो."

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. ताईला वाटलं, धाकटीला व्यायामाची गोडी लागली. वाटू दे, काय बिघडलं?

वाट सोसायट्यांच्या मागच्या कुंपणांना लागून निघायची. दोऱ्यांवर वाळणारे कपडे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज, मग मालगाडीचा पूल आणि पुलाखालून एकदम मोकळा बांध. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला गुडघाभर गवत. मोठ्या खडीवर चाकं दातओठ खायची आणि बारीक रेतीत शिरली की सुस्कारा टाकल्यासारखी गप्प व्हायची.

"हँडल इतकं आवळू नका," तो मागून सांगायचा. "खडीत सायकलला जरा मोकळं सोडायचं. ती तिची वाट शोधते."

"आणि पडले तर?"

"तर मी आहेच की मागे."

हे तो इतकं साधेपणाने म्हणायचा, की त्यात काही आहे की नाही… तिला आठवडाभर कळायचं नाही. मेणात दात बसवता बसवता ती त्या वाक्याला उलटसुलट करून बघत राहायची.

एकदा बांधावर भुरभुर पाऊस आला. दोघं पुलाखाली थांबली. पुढचा गट कधीच निघून गेला होता आणि त्यांच्या गडबडीने उडालेले बगळे एकेक करून परत पाण्याकाठी येऊन उतरत होते.

"त्यांना हे दिसतच नाही," तो हळूच म्हणाला. "पुढे जाणाऱ्याला फक्त पुढच्याचं चाक दिसतं."

"म्हणून तुम्ही मागे राहता?"

"आठवडाभर मी लिफ्टच्या विहिरीत लोंबकळत असतो आणि वरून माणसं विचारत असतात, अजून किती वेळ, अजून किती वेळ. रविवारी मला कुणी ते विचारू नये, एवढंच."

तिने हँडलवरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी कुणी थांबलं ना, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लहानपणी ताई शाळेच्या वाटेवर प्रत्येक कोपऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी असायची. अजूनही तशीच असते. तुमच्याबरोबर मात्र… तसं होत नाही."

"कारण मी थांबत नाही. मी तुमच्याबरोबर येतो."

पाऊस थांबला होता. ते दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

आणि मग तो रविवार आला. पंपघराच्या नळावर ती बाटली भरत होती आणि भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. "पुढच्या महिन्यात नदीच्या उगमापर्यंत जायचंय, तेव्हा तू पुढे हवास. इतका चांगला चालवतोस, आणि दर रविवारी आमच्या गोगलगायीपायी अडकून पडतोस. मला मेलीला वाईट वाटतं."

ती कान देऊन उभी राहिली. त्याचं उत्तर काही आलं नाही. बाटली भरून पाणी हातावर वाहू लागलं, तरी आलं नाही.

तिने कुणाला काही विचारलं नाही. मनाशी मात्र एक गाठ मारली: यापुढे कुणाला आपल्यापायी अडकवायचं नाही. लॅब सुटली की ती रोज एकटीच बांधावर जाऊ लागली. पाय भरून यायचे, तळहाताला फोड आले, एकदा रेतीत घसरून कोपर सोलवटलं. पण महिनाभरात तिची सायकल गटाच्या मधोमध धावू लागली. ताईने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तो सर्वांत शेवटी, एकटाच येऊन पोचला.

"छान चालवलीत," तो म्हणाला.

"आता तुम्ही सुटलात," ती हसून म्हणाली.

तो हसला नाही. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिताच परत लावलं.

त्या संध्याकाळी तिने आठवून बघितलं तरी नदी आठवेना. आठवलं ते फक्त पुढच्या माणसाचं चाक. जे मिळवलं त्यासाठी आपण काय देऊन बसलो, हे तिला तेव्हा उमगलं आणि रात्री जेवताना तिने ताईला सांगून टाकलं, "उगमाच्या वाटेवर शेपूट मी होईन."

ताईचा घास हातातच राहिला. "तू? अगं, आत्ता कुठे तू पुढे आलीस."

"मला मागे राहता येतं, ताई. सगळ्यांना नाही येत ते."

ताईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि प्रथमच वाद घातला नाही.

उगमाच्या दिवशी हवेत धुकं होतं. तो सगळ्यांच्या पुढे होता, ती सगळ्यांच्या मागे, आणि तिच्या पुढ्यात गटात नव्यानेच आलेल्या एक काकू. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सायकल हळू आणि जीभ जोरात. पहिल्या चढावर तिला गटाच्या पुढच्या टोकाशी त्याचं लाल जाकीट दिसलं. पुढच्या वळणावर ते मध्ये दिसलं. त्यापुढच्या वळणावर तो वाटेच्या कडेला सायकल उलटी करून बसला होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"साखळी… जरा…"

काकूंनी वाकून पाहिलं. साखळी जागच्या जागी होती, नुकतं तेल घातलेली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खोटं दुखणं मी चाळीस वर्षं ओळखत आलेय," त्या म्हणाल्या. "याच्या साखळीला काही झालेलं नाही. तुम्ही दोघं बघा काय ते. मी होते पुढे." आणि त्या इतक्या झपाट्याने चढ चढून गेल्या, की आतापर्यंत त्या मुद्दाम रेंगाळत होत्या की काय, असं तिला वाटलं.

दोघांमध्ये उलटी सायकल, आणि तिचं उगाच फिरणारं चाक. त्याने ते हाताने थांबवलं.

"तुम्ही एकदम पुढे का निघून गेलात?"

"पंपघरापाशी ताई म्हणाली ते मी ऐकलं होतं. तुम्ही माझ्यापायी अडकता, असं. तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत."

त्याने तेलकट बोटं गवताला पुसली. तेव्हाही असाच गप्प बसला असणार, तिच्या मनात आलं.

"काय म्हणणार होतो?" शेवटी तो म्हणाला. "ताईंना सांगू, की मला अडकायचंच आहे? ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. दर रविवारी ठरवायचो… आणि वाट संपायची."

"इतक्या हळू चालवूनसुद्धा?"

"इतक्या हळू चालवूनसुद्धा."

धुक्यात कुठेतरी पाणी दगडांवरून उतरत होतं. तिने त्याची सायकल सरळ करायला हात लावला आणि त्याचा हात आधीच तिथे होता. तिने आपला काढला नाही. तळहातावरच्या फोडांचे आता घट्टे झाले होते. त्याच्या बोटांना ते लागले असावेत, कारण त्याने तिचा हात उलटा करून पाहिला.

"हे माझ्यापासून लांब जायला केलंत?"

"हो. मूर्खपणाच केला." मग जरा अडखळत, "पण चढावर उपयोगी पडतात."

दोघं चालतच निघाली, सायकली हातात धरून. वाट एकाच माणसापुरती होती, तरी दोघं शेजारी शेजारीच राहिली. एक जण गवतातून, एक जण खडीवरून.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

त्याची पावलं जागीच थांबली. प्रश्नातला तो एक शब्द त्याने ऐकला होता, आणि ऐकल्याचं त्याला लपवता येत नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "कधी येशील भेटायला?"