बुंदीचा कापलेला पट्टा

"पट्टा आपोआप तुटला असता, तर त्याची कड अशी सरळ नसती," चारुशीला म्हणाली. कूलरखालच्या ओल्या मातीत सापडलेला चामडी पट्टा तिने उन्हात धरला. "हा चाकूने कापलाय. बिल्लाही काढून घेतलाय."

बुंदी ही चारुशीलाच्या घरची ठिपक्याठिपक्यांची कुत्री. मे महिन्यात ती दुपारभर कूलरमधून गळणाऱ्या पाण्यात पोट टेकून पडायची. आज ती तिथे नव्हती.

चारुशीलाचा धाकटा भाऊ मुकुंद रडकुंडीला आला होता. एका करड्या कुत्र्याने दूधवाल्याच्या पायाचा लचका तोडल्यापासून वसाहतीच्या समितीने कुत्री धरायचा ठेका चंपतरावांना दिला होता. परवान्याचा बिल्ला असलेलं कुत्रं सोडायचं, बाकीची त्याच दिवशी गाडीत घालून मारायला न्यायची, असा नियम होता.

"पण तिचं ओरडणं कोणालाच कसं ऐकू आलं नाही?" मुकुंदने विचारलं.

नरखेडहून सुटीला आलेल्या केशवने, त्यांच्या मामेभावाने, घरघरणाऱ्या कूलरकडे बोट दाखवलं. "याच्यापुढं कोनाले काय ऐकू येते गा? दुपारी अख्खी वसाहत आत झोपून राहते."

तिघं समितीचे चिटणीस मधुकरराव यांच्याकडे गेले. पोरंच पट्टे हरवतात आणि मोठ्यांवर ढकलतात, असं ते म्हणाले. चंपतराव रोज गाडीभर कुत्री धरतात, याचं त्यांना फार कौतुक होतं.

"त्यात ते करडं कुत्रं आहे का, काका?" चारुशीलाने विचारलं.

"असेलच."

"तुम्ही पाहिलंत?"

मधुकररावांनी दार लावून घेतलं. चारुशीलाचे कान रागाने तापले होते. डोक्याला ओली फडकी गुंडाळून तिघं, चंपतराव धरलेली कुत्री जिथे कोंडत, त्या गोदामामागच्या जाळीपाशी पोहोचले. आत बुंदी होती. ती जाळीला नाक लावून कण्हू लागली. तिच्या मानेवर पट्ट्याखाली दबलेल्या केसांचं कडं अजून दिसत होतं. चारुशीलाने शेजारच्या कुत्र्याची मान पाहिली, मग त्याच्या पलीकडच्याची. जवळजवळ प्रत्येक मानेवर तसंच कडं होतं.

तिने मुकुंदला पिटाळलं. ज्या ज्या घरचं कुत्रं नाहीसं झालं होतं, त्या प्रत्येक दारावर त्याने थापा मारल्या. थोड्याच वेळात आपलं कुत्रं हरवलेल्या रुख्मिणीकाकू पुढे आणि अर्धी वसाहत मागे, अशी फौज गोदामाकडे निघाली. तेव्हा मधुकररावांनाही यावं लागलं.

तोवर चंपतराव गाडीला बैल जोडायला निघाले होते आणि केशव ती अडवायला चाकाला पाठ लावून बसला होता.

"ऊठ गा पोट्ट्या!" ते खेकसले. "बेवारशी हायेत थे समदे. हाये का एकाच्या तरी गळ्यात बिल्ला?"

चारुशीला जाळीसमोर उभी राहिली. "बस," ती म्हणाली.

बुंदी बसली. तिच्यामागे एकेक करून कुत्र्यांचा सगळा घोळका बसला.

"शेकहँड."

जाळीतून पंजे बाहेर आले. रुख्मिणीकाकूंनी त्यातला एक पंजा धरला आणि त्या रडू लागल्या.

"चंपतराव," केशव चाकापासून न उठता म्हणाला, "चौकातल्या कुत्र्याईले हे कोनं शिकवलं गा?"

चंपतरावांनी मान खाली घातली. "चौकातले अंगावर येतात," ते पुटपुटले. "घरचे चुचकारलं की शेपूट हालवत येतात. साहेबाईले गाडी भरलेली पाह्यजे होती."

सगळ्यांच्या नजरा मधुकररावांकडे वळल्या. त्यांनी घाम पुसला, स्वतःच्या हाताने जाळीचं दार उघडलं आणि मग चारुशीलाच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. "शाबास, पोरी. डोकं चालवलंस."

चारुशीला बाजूला सरली. बुंदीला तिने छातीशी घट्ट धरलं होतं.

"शाबासकी राहू द्या, काका. जो आपल्यावर विश्वास ठेवून जवळ येतो, त्यालाच तुम्ही धरलंत. आणि चावणारं कुत्रं यात नाहीच. मोठी माणसं सोबत घ्या आणि आधी ते शोधा."

मधुकररावांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, चंपतरावांची कुत्री धरायची दोरी उचलली आणि भर उन्हात ते स्वतः करड्या कुत्र्याच्या शोधात चालू लागले.